बंद सेंटरांना हाका

पेठ वडगाव
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आकाराम काका,
सप्रेम जयभीम.

टँकरवाल्या कृष्णातच्या हातात माझं पत्र बघून तुम्ही दचकाल. घाबरू नका, सगळे खुशाल आहेत, आजारी फक्त तुमचा सर्व्हर आहे. फोन केला असता, पण तुमच्या कानातलं मशीन फोन लावला की शिट्टी मारतं. व्हॉट्सॲप तुम्ही रिटायर झाल्या दिवशीच काढून टाकलंत. पोस्टाला चार दिवस लागतात. टँकर मात्र रोज नेसरीहून भरून येतो आणि रिकामा परत जातो. कृष्णात म्हणाला, "द्या की ताई, दूध आणतोय, तर पत्र न्यायला काय जड हाय?"

रविवारी, सकाळचं दूध आत आल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी, मी प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर बदललं. जुनी आवृत्ती सहा वर्षांची झाली होती, बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं. तुम्ही लिहिलेली फाईल तशीच्या तशी नवीन आवृत्तीत ठेवली, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. सुरू केलं, हिरवा दिवा लागला, मी पेढे आणले.

पेढा तोंडात होता तेव्हाच सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला. तो आजपर्यंत खाली आलेला नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या चारशे गावांतल्या दूध सेंटरांवरची मशीनं आतल्या कॉम्प्युटरशी थेट बोलत नाहीत. जे काही विचारायचं, सांगायचं, ते मधल्या या प्रॉक्सीच्या तोंडून. तोच धापा टाकायला लागल्यावर गावात दुधाची चिठ्ठी यायला चार-चार मिनिटं लागतात. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी. खडकेहाळच्या धोंडुबाईंनी ऑफिसचा नंबर कुठून तरी मिळवलाय. रोज सकाळी सहाला फोन: "अगं बाई, तुझा कॉम्प्युटर बाळंत व्हायला लागलाय काय? माझी म्हस माझ्या आधी घरला गेली!"

आता खरं सांगते. अकरा वर्षं मी कंत्राटावर आहे. आठ वर्षं नुसते आकडे भरले, मग तुम्ही मला सर्व्हरच्या खोलीत घेतलंत. चोविसाव्या तारखेला दूध संघाच्या संचालकांच्या कमिटीपुढे मला कायम करण्याचा विषय आहे. मॅनेजर विजयसिंह साहेबांनी काल स्वच्छ सांगितलं, "चोवीसपर्यंत हे शांत झालं नाही तर जुनं परत बसवू, काम बाहेरच्या कंपनीला देऊ, आणि तुम्ही पुन्हा डेटा एंट्रीला बसा."

एकेचाळीस वर्षांच्या बाईने पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, काका? त्या खुर्चीचं चाकही तुटलेलं आहे.

फाईल तुमची आहे. तुमच्या हाताला काही आठवतं का?

तुमची,
संघप्रिया


आंबेखोल, व्हाया नेसरी
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. संघप्रियास,
रामराम, आणि तुझ्या पद्धतीनं जयभीम.

पत्र पोचलं. कृष्णातनं ते सीटखाली ठेवलंतं, त्यामुळं डिझेलचा वास हाय. मी गोठ्यात बसून वाचलं. म्हशीनं पण वाचलं असतं, थोडक्यात वाचलं.

शंभर टक्के म्हणजे मशीन तापतंय. मागचा पंखा बघ. त्यात धूळ असणार. त्या खोलीच्या खिडकीतनं पशुखाद्याचं गोडाऊन दिसतंय, भुसा सगळा तिकडनंच येतोय. मी असताना दर महिन्याला फुंकणीनं साफ करत हुतो. फुंकणी कपाटाच्या वरच्या फळीवर हाय, घरनं आणलेली, तिच्यावर माझ्या आईचं नाव हाय.

उंदीर पण बघ. २०१९ ला एका उंदरानं केबल कुरतडलीती आन् अख्खा करवीर तालुका बंद पडलाता.

फाईलीत काय न्हाय. फाईलीला हात लावू नको. नऊ वर्षं चाललीय ती.

पेढे कुठल्या दुकानातनं आणलेस ते लिहिलं न्हाईस.

तुझा काका,
आकाराम


पेठ वडगाव
सोमवार, १० फेब्रुवारी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

पंखा साफ केला. आतून निघालं ते लिहिते: भुसा अर्धा किलो, एक पाल (जिवंत, माझ्या अंगावरून गेली, साहेबांच्या केबिनपर्यंत माझी किंकाळी गेली), गुटख्याची पुडी एक आणि २०१८ च्या हळदीकुंकवाचं निमंत्रण. फुंकणीवर तुमच्या आईंचं नाव वाचलं, चिमणाबाई. बरं वाटलं. सीपीयू शंभरावरून नव्व्याण्णववर आला आणि पाच मिनिटांनी परत गेला.

उंदीर सापडला नाही. बहुतेक त्यालाही चिठ्ठी मिळायला उशीर होत असावा.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी समजत होते, दुधाच्या वेळी गर्दी होते म्हणून सर्व्हर दमतो. काल दुपारी दोनला बसून बघितलं. दुपारी दोनला आपल्या एकाही गावात दूध नसतं. माणसं जेवून आडवी, म्हशी रवंथ करतात. आणि सर्व्हर? शंभर टक्के! कुणी काही विचारत नाही, कुणी काही देत नाही, तरी हा कुणाशी तरी जिवाच्या आकांताने बोलतोय.

कुणाशी बोलतोय ते नोंदवहीत दिसायला हवं. नोंदवही कोरी. मग तुमची फाईल वरून खाली वाचली. चारशे सत्तरावी ओळ बघितली. तिच्यात तुम्ही सांगून ठेवलंय की काही ठराविक सेंटरांबद्दल नोंदवहीत काहीच लिहायचं नाही. का, काका?

तुमच्या फाईलीवर शंका घेते असं समजू नका. मी जे शिकले ते याच फाईलीवर शिकले. पण चौदा दिवस राहिले आहेत.

पेढे एस. टी. स्टँडसमोरचे.

तुमची,
संघप्रिया


आंबेखोल
मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. संघप्रिया,

जुनं सॉफ्टवेअर परत बसव. चालत हुतं ते कशाला बदललंस? सहा वर्षांची म्हस कुणी म्हातारी म्हणून विकत न्हाय.

ती ओळ नोंदवही भरून जाऊ नये म्हणून घातलीती. बाकी काय न्हाय.

शाळूची राखण चाललीय. पाखरं लई झालीत. जास्त लिवायला सवड न्हाय.

आकाराम


पेठ वडगाव
गुरुवार, १३ फेब्रुवारी

काका, काका, काका!

आज जयभीमसुद्धा नाचत घालते. सापडलं! सीपीयू सहा टक्के! सहा!

तुमचं मागचं पत्र इतकं आखूड होतं की मी दिवसभर मनाला लावून घेतलं. वाटलं, काका चिडले. मग म्हटलं, चिडलेल्या काकांपेक्षा तुटक्या चाकाची खुर्ची वाईट. तुमची ती चारशे सत्तरावी ओळ मी बंद केली आणि नोंदवही उघडली. अर्ध्या मिनिटात पडदा भरला. एकेचाळीस नावं, तीच ती, एका सेकंदात हजारो वेळा. "मुगरवाडी-२, जागं आहे का? मुगरवाडी-२, जागं आहे का? सावरगट्टी-२, जागं आहे का?"

रजिस्टर काढून ताडून बघितलं. ही एकेचाळीस सेंटरं बंद आहेत! काही सहा महिने, काही आठ वर्षं. तिथे मशीनला वीजही नाही. जुनं सॉफ्टवेअर शांत होतं. एकदा हाक मारायचं, उत्तर नाही आलं तर अर्धा तास गप्प बसायचं. नवीन आवृत्ती थांबायला सांगितल्याशिवाय थांबत नाही. उत्तर आलं नाही की लगेच दुसरी हाक, लगेच तिसरी. बंद दारासमोर उभा राहून दिवसभर कडी वाजवत होता बिचारा सर्व्हर.

काल संध्याकाळी एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं यादीतून काढून टाकली. आज सकाळी चिठ्ठ्या दोन सेकंदांत! धोंडुबाईंचा सहाला फोन आला तो शिव्या द्यायला नव्हता. म्हणाल्या, "चिठ्ठी लगीच आली गं. आता रांगेत बोलायला टाईमच न्हाय गावला."

विजयसिंह साहेब इतके खूश झाले की त्यांनी यादीचा फोटो काढून संचालकांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "बंद केंद्रे वगळली, कार्यक्षमता वाढली." खाली माझं नाव.

एकच विचारायचं राहिलं. एवढी बंद सेंटरं तुम्ही यादीत ठेवलीत कशी? विसरलात? तुम्ही तर उंदराची तारीखही विसरत नाही.

तुमची आनंदी,
संघप्रिया


आंबेखोल
शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळ

संघप्रिया,

परत घाल. सगळी. आजच्या आज. सांजच्या दुधाच्या आत.

कृष्णातला सांगितलंय, वाटंत च्या प्यायला थांबू नको म्हणून.

आकाराम


पेठ वडगाव
सोमवार, १७ फेब्रुवारी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र शुक्रवारी अकराला पोचलं. तोपर्यंत ऑफिसच्या दारात सहा जीपगाड्या उभ्या होत्या.

तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. गावात एकाच दुधाला दोन सेंटरं का असतात, ते मी आजवर विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, गाव मोठं असेल. आता कळलं. एक सेंटर एका गटाचं, दुसरं दुसऱ्या गटाचं. दोन्ही गटांचं जुळलं की 'दोन नंबर' बंद. बिनसलं की परत सुरू. मुगरवाडीचं दोन नंबर कुस्तीच्या मैदानातल्या भांडणातून निघालं आणि सोयरीक जुळली तेव्हा मिटलं. सावरगट्टीचं गेल्या पंचायत निवडणुकीत उघडलं, निकालानंतर महिन्यात कुलूप. म्हणजे ती सेंटरं मेलेली नव्हती. रुसून आत बसली होती, एवढंच.

आणि मी त्यांची नावं काढून फोटो ग्रुपवर जाऊ दिला! गावागावांत निरोप गेला, हेड ऑफिसनं आपल्या गटाचं नाव कापलं. ज्यांना सेंटर सुरू करायची गरजच नव्हती, त्यांनी हट्टाने मशीनवरची धूळ झाडली. शुक्रवारी सकाळी तीन गावांत नवराबायकोसारखे नांदणारे दोन गट दोन दारांत उभे राहिले. त्यांतले एक पाव्हणे माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "ताई, आमचं भांडान मिटलंय, सेंटर मिटलेलं न्हाय!"

दुपारीच सगळी नावं परत घातली. सीपीयू परत शंभर.

जीपगाड्या गेल्या, पण एक माणूस गेला नाही. संचालक बाळासो. ते आंबेखोलचे आहेत हे मला ठाऊक होतं. तुमचे सख्खे धाकटे भाऊ आहेत हे नव्हतं. त्यांनी यादीतल्या 'आंबेखोल-२' वर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे दुसऱ्यांदा कापलं. पहिल्यांदा लाईन गेली म्हणून सांगितलं, आता वाटतंय, ते पण ह्याच खोलीत कापलंतं. आता मला सांग, तुला कुणी सांगितलं? आकारामनं?"

मी म्हटलं, कुणीही नाही, मी माझ्या मनाने केलं.

"चोविसाला कमिटीसमोर खरं सांग," ते म्हणाले. "आणि तवा पण असंच म्हणालीस तर तुझं कायम व्हायचं विसर. मला खोट्याचा लई कंटाळा आलाय."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

काका, तुम्हाला माझा राग आला असेल तर तसं लिहा. पण 'धूळ आहे, उंदीर आहे' असं पुन्हा लिहू नका. मी पाल अंगावर घेतली आहे.

संघप्रिया


आंबेखोल
बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. संघप्रिया,
जयभीम.

दोनदा लिवलं, दोनदा फाडलं. आता तिसऱ्यांदा फाडायला कागद न्हाय, वहीचं शेवटचं पान हाय.

तुझ्यावर राग न्हाय. राग असता तर च्या प्यायचं बंद करून कृष्णातला पळवला नसता.

मला पहिल्या पत्रातच कळलंतं. शंभर टक्के वाचलं आन् मनात आलं, एकेचाळीस नावं. तरी तुला पंख्यात घातलं. तुला फाईल वाचू द्यायची नव्हती. वाचलीस की इचारणार, नावं का ठिवली? आन् मग मला सांगावं लागणार.

२०१६ साल. बाळासोचं आन् माझं वडिलांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरनं बिनसलं. रात्रीची पाळी त्याची का माझी, एवढंच. त्यानं चार माणसांत मला म्हटलं, "तू गावातला न्हाईस, तू हेड ऑफिसचा चमचा." ते लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो. त्याचं सेंटर आंबेखोल-२, त्रेसष्ट घरांचं. नव्या यादीचंच काम चाललंतं. सायंकाळी साडेपाचला, दूध सुरू व्हायच्या टायमाला, मी त्याची ओळ पुसली. एक बटन. संघप्रिया, एक बटन दाबलं फकस्त.

मशीननं दूध घेतलं न्हाय. त्रेसष्ट घरांचं दूध परत गेलं. कुणी विरजण लावलं, कुणाचं नासलं. म्हाताऱ्या बायका किटल्या घिऊन अंधारात माघारी गेल्या. बाळासो दारात उभा राहून हात जोडत हुता सगळ्यांस्नी. हे मला नंतर गावात कळलं. सकाळी सहाला मी ओळ परत घातली. विचारलं तर सांगितलं, लाईन गेलती. साहेबांनी लिहून घेतलं, लाईन गेलती.

त्यानंतर लोकांनी भरवसा सोडला. एकेक घर एक नंबरला यायला लागलं. वर्षात त्याचं सेंटर बंद पडलं. त्यानं मला कधी इचारलं न्हाय, मी कधी सांगितलं न्हाय. एका वाड्यात दोन दारं. नऊ वर्षं झाली, बोलत न्हाय.

तवापासनं यादीतनं एक बी नाव मी काढलं न्हाय. बंद पडलं तरी. हात जायचाच न्हाय. आन् नोंदवहीत ती नावं दिसू नयेत म्हणून ती ओळ घातली. दुसऱ्या कुणासाठी न्हाय. माझ्यासाठी. रोज सकाळी उघडली की आंबेखोल-२ पहिलं दिसायचं.

हे तू कुणाला दाखवायचं का न्हाय ते तू ठरव. मला ठरवता आलं न्हाय.

आकाराम


पेठ वडगाव
गुरुवार, २० फेब्रुवारी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र सर्व्हरच्या खोलीत, दार लावून वाचलं. कुणाला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. ते पान माझं नाही, तुमचं आहे. मी ते फुंकणीच्या शेजारी ठेवलंय.

वाचून आधी मला राग आला. त्रेसष्ट घरांचा आला, पंख्यात घातलंत त्याचाही आला. मग तुमच्या पत्रातलं एकच वाक्य डोक्यात घुमत राहिलं, हात जायचाच नाही. मी तर एका संध्याकाळी एकेचाळीस नावं काढून पेढे आणायला निघाले होते. हिशेब सोपा वाटला की माझा हात फार पटकन जातो. तुमचा हात जात नव्हता म्हणून तर मुगरवाडीचं सेंटर भांडण झालं तरी दुसऱ्या सकाळी सुरू होत होतं. त्या गावांना वाटायचं, हेड ऑफिस किती चांगलं, आपलं नाव राखून ठेवतं.

तर उपाय असा केला. नावं राहतील, सगळी. फक्त सर्व्हरला थांबायला शिकवलं. जे सेंटर बंद आहे त्याला दिवसातून दोनदाच विचारायचं, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, धारेच्या आधी. उत्तर आलं तर तेवढ्या क्षणापासून दूध घ्यायचं. नाही आलं तर राग धरायचा नाही, पुढच्या वेळी परत विचारायचं. चार ओळी लागल्या. तुमची ती चारशे सत्तरावी ओळ काढली. आता नोंदवहीत सगळं दिसतं. सीपीयू सात टक्के. काल रात्रीपासून हललेला नाही.

त्यामुळे सोमवारी कमिटीला मला सॉफ्टवेअरची भीती नाही. भीती एकाच प्रश्नाची आहे, बाळासोंच्या. मी खरं तेच सांगणार, की यावेळी मला कुणी सांगितलं नाही. त्यांना ते पटणार नाही, कारण मागच्या वेळचं खरं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मग ती खुर्ची. चाकाचं काहीतरी करता येईल.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. मी फक्त काय होणार आहे ते लिहिलं.

तुमची,
संघप्रिया


आंबेखोल
शनिवार, २२ फेब्रुवारी

चि. संघप्रिया,

चाक बदलू नको.

सोमवारी कृष्णातच्या गाडीत क्लीनरची सीट माझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलीय. धोतर का पँट, काय घालावं?

आकाराम


पेठ वडगाव
मंगळवार, २५ फेब्रुवारी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

काल तुम्ही कागद वाचून दाखवलात आणि तडक जिना उतरून टँकरमध्ये जाऊन बसलात. मी मागून हाका मारल्या. तुम्ही वळलातच नाही. मग लक्षात आलं, तुमच्या कानात मशीनच नव्हतं. घरी विसरलात? का मुद्दाम? कोण काय बोलेल ते ऐकू येऊ नये म्हणून? पँट मात्र छान होती.

म्हणजे तुम्ही गेल्यावर त्या खोलीत काय झालं हे तुम्हाला ठाऊकच नाही. सगळं लिहिते.

तुम्ही 'एक बटन दाबलं फकस्त' इथे आलात तेव्हा विजयसिंह साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. 'लाईन गेलती हे खोटं' इथे आलात तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ऐकू येत नसल्यामुळे तुम्ही इतकं मोठ्याने वाचलंत की खालच्या वजनकाट्यावरची माणसं वर बघायला लागली.

तुम्ही गेलात. मग बाळासो म्हणाले, "नऊ वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या. बायकोला म्हणायचो, मशीनच करंटं हाय."

एक जण हसला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो चहाच्या कपाकडे वळला.

मग मला विचारलं, "तुला ह्यानं सांगितलंतं काय कापायला?"

"नाही. परत घाला म्हणून सांगितलं, आजच्या आज."

"व्हय?"

"व्हय." माझ्या तोंडातून तुमची भाषा गेली, काय करू.

ते खिडकीपाशी गेले. तिथून टँकर दिसतो. तुम्ही केबिनमध्ये बसला होता, समोर बघत. कृष्णात काहीतरी सांगत होता, तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तरी तुम्ही मान डोलवत होता. बाळासो तिकडेच बघत, पाठमोरेच म्हणाले, "ते आता आमच्या सेंटरला काय करतंय, तुझं मशीन?"

मी सांगितलं, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला विचारतं, जागं आहे का.

"आणि उत्तर न्हाय दिलं तर?"

"दुसऱ्या वेळी परत विचारतं."

"कटाळत न्हाय?"

"आता नाही कंटाळत. सात टक्के."

मग ते खुर्चीत येऊन बसले आणि साहेबांना म्हणाले, "पुढचा विषय घ्या. ह्या बाईंचं कायम करून टाका. तासभर झाला, एकानं बी मला फसवलं न्हाय. असं ह्या हापिसात परत घडायचं न्हाय."

काका, मी कायम झाले. पत्र हातात पडलं तेव्हा मी रडले नाही, जिन्यात गेल्यावर रडले. घरी आई म्हणाली, "अकरा वर्षं लागली होय गं एका कागदाला?" मी म्हटलं, काहींना नऊ लागतात.

तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून हे सगळं सांगायची वेळ माझ्यावर आली. पुढचं मात्र तुम्हालाच लिहावं लागेल. दोन दारं एकाच वाड्यात आहेत, मी वडगावात आहे.

तुमची,
संघप्रिया (कायम)


आंबेखोल
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चि. संघप्रिया,
जयभीम.

मशीन मुद्दामच ठिवलंतं घरी. तुला कसं कळलं?

मंगळवारी तुझं पत्र आलं. बुधवारी मी त्याच्या दारात गेलो. तो पायरीवर दाढी करत बसलाता. मी उभाच. त्यानं आरशातनं बघितलं. काय बोलला ते ऐकू आलं न्हाय, कारण कानात मशीन घालायचं खरंच इसरलो हुतो. मी म्हटलं, "काय?" तो परत काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काय?" तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्यानं वरडला की गल्लीतली कुत्री उठली. "बस म्हणालो! बस!" भावजय बाहिर आली, तिला वाटलं मारामारी झाली.

बसलो. च्या झाला. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून गेलतो, त्यातला एक बी आठवला न्हाय. तोच म्हणाला, गप च्या पी.

काल सांजचं तो माझ्याकडं आला. म्हणाला, "चल." सेंटरच्या खोलीचं कुलूप गंजलंतं, तेल सोडून उघडलं. मशीनवर भावजयीचं जुनं लुगडं टाकलंतं. आत मुंग्यांनी घर केलंतं, ते झाडलं. वायर उंदरानं खाल्लेली (बघ, मी म्हणत हुतो की न्हाय), ती मी जोडली. पाचला दहा मिनिटं कमी हुती. बटन त्यानंच दाबलं. मला हात लावू दिला न्हाय. म्हणाला, "तुझा बटनाचा गुण मला ठाऊक हाय."

मशीनचा दिवा लागला. आम्ही दोघं बसून राहिलो. पाच वाजले. पाच वाजून पाच झाले. हितं मशीनवर काय कळत न्हाय, नुसता पिवळा दिवा. बाळासोनं चारदा इचारलं, "तिकडं दिसलं असंल का रं?" मी म्हटलं, मला कसं कळणार, पोरीला पत्र टाकून इचारतो.

तर ते दिसलं का? लगीच कळव. कृष्णातला थांबवून ठिवलाय.

तुझा काका,
आकाराम


पेठ वडगाव
शनिवार, १ मार्च

काका,

दिसलं. गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजून शून्य मिनिटं दोन सेकंदांनी. "आंबेखोल-२: आहे." दूध शून्य लिटर, खातेदार शून्य. मी एकटीच खोलीत होते, ओळ तीनदा वाचली.

काल आणि आज पहाटेही उत्तर आलं. दूध शून्यच. साहेबांनी बोलावून विचारलं, हे कुठलं नवीन सेंटर, ज्यात दूधच येत नाही? मी सांगितलं, साहेब, दोन-चार दिवस थांबा.

तेव्हा बाळासोंना सांगा, सोमवारी सकाळी किटलीभर तरी दूध घाला. एका घरचं चालेल. तुमच्या घरचं चालेल.

संघप्रिया